जोरहाट ते जामनगर

मंगळवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना सुलक्षणानं टेलिफोनच्या बोर्डावरून हाक दिली, "ॲम्ब्रोज, जामनगर आहे, ट्रंक कॉल. लवकर घे, आवाज येतो-जातो." ॲम्ब्रोजनं धावत येऊन रिसीव्हर उचलला. त्याच्या बायकोनं, ज्युलियानं, चोवीस वर्षांच्या संसारात त्याला ऑफिसात कधी फोन केला नव्हता. ती महिनाभर जामनगरला होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. पोस्टकार्ड टाकायची, आठवड्याला एक, त्यात पाणी खारं आहे आणि मासळी बरी मिळते एवढंच असायचं. आता तिचा आवाज कुठल्यातरी पिंपातून यावा तसा येत होता. "हॅलो, ऐकतोस ना? मी हॉस्पिटलातून बोलते. विनीचं पाणी गेलंय पहाटे. बाळाचे ठोके कमी होतायत. डॉक्टरीण म्हणते, ऑपरेशन करून काढायला पायजे. आणि ही पोरगी सही करीत नाय. म्हणते अल्फान्सो येऊ दे, त्याला एकदा बघू दे, मग काय ते करा. काल तार केलीय त्याला." त्यानं विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणते, किती थांबता येईल?" "थोडं म्हणते. थोडं म्हणजे किती, ते सांगत नाय. तू सांग ना, जोरहाटहून इथं यायला किती लागतं? तुला सगळं तोंडपाठ असतं." आणि त्याला खरंच तोंडपाठ होतं. तो म्हणाला, "दोन हजार चारशे शहाऐंशी किलोमीटर. साडेपाच तास." पलीकडे ज्युलियानं सुस्कारा सोडलेला त्याला स्पष्ट ऐकू आला. "म्हणजे अकराला निघाला तर साडेचार. मी सांगते तिला." तो म्हणाला, "ऐक गो, पण..." आणि मध्येच कुणीतरी बाई इंग्रजीत तीन मिनिटं संपल्याचं बोलली, कट्ट झालं, आणि रिसीव्हरमध्ये समुद्रासारखा नुसता घूं घूं आवाज उरला.

तो उभाच राहिला. सांताक्रूझच्या विमानतळावरचं हे ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती. विमानांची वेळापत्रकं इथं बनत. एका भिंतीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा, त्यावर लाल दोरे ताणलेले, प्रत्येक दोरा म्हणजे कंपनीचा एक मार्ग. ॲम्ब्रोजचं काम एकोणीस वर्षं तेच: या गावाहून त्या गावाला अंतर किती, कुठल्या विमानाला किती वेळ, उतरल्यावर किती मिनिटं थांबायचं, पुढं कधी सुटायचं. अंतर विचारलं की त्याच्या तोंडून आकडा आपोआप पडायचा. जोरहाट आणि जामनगर यांच्यामध्ये मात्र लाल दोरा नव्हता. तिथं एक पुसट पेन्सिलीची रेघ होती, आणि ती त्यानंच ओढली होती, अल्फान्सोची बदली झाली तेव्हा. जावई विमानतळावर रेडिओ ऑपरेटर होता. जामनगरहून त्याला सहा महिन्यांसाठी आसामात जोरहाटला पाठवलं, आणि नर्सची नोकरी सोडवत नाही म्हणून विनी जामनगरलाच राहिली. त्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर ॲम्ब्रोजनं पट्टी घेऊन ही दोन टोकं जोडली होती. कंपनीचं फॉकर विमान ताशी साडेचारशे धरलं तर साडेपाच तास. पोरीला पत्रात लिहिलंही होतं: घाबरू नकोस, तुझा नवरा तुझ्यापासून फक्त साडेपाच तासांवर आहे. पण तसं विमान नव्हतं. कुठल्याच कंपनीचं नव्हतं. जोरहाटहून माणूस कलकत्त्याला यायचा, तिथं रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी मुंबई, आणि मुंबईहून जामनगरचं विमान आठवड्यात तीनच दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. ज्युलियाला हे कुठून माहीत असणार? ती आयुष्यात एकदाच रेल्वेनं लांब गेली, ती याच खेपेला.

आता त्याला वाटू लागलं की फोनवर वेळ होता. दहा सेकंद, निदान आठ. दोन हजार चारशे शहाऐंशी किलोमीटर हे एवढे शब्द बोलायला किती वेळ लागतो? तेवढ्यात 'तो आज येत नाही' असं दोनदा सांगून झालं असतं. किलोमीटर ज्युलियाला काय करायचे होते? त्यानं ते का सांगितले, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते आठवताच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आकडा सांगताना त्याला बरं वाटलं होतं. लेक तिथं अडलेली, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं होतं.

"सुलक्षणा, जामनगर परत लाव. अर्जंट."

"अर्जंटला दीड-दोन तास सांगतायत रे. काय झालं?"

"मग त्याच्याहून जलद, लायटनिंग लाव. काय ते लाव."

ती काही विचारायची थांबली. तिनं बोर्डात दोऱ्या खुपसल्या, कुणाशी हिंदीत, कुणाशी गुजरातीत भांडली, आणि पाच मिनिटांनी मान हलवली. राजकोटच्या पुढं लाइन पडली होती. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. ॲम्ब्रोज टेलिप्रिंटरकडे गेला. कलकत्त्याहून सकाळची पट्टी आलेली होती, ती त्यानं बोटांतून सरकवत वाचली: गुवाहाटी धुकं, तेजपूर धुकं, जोरहाट बंद, आजचं विमान रद्द. म्हणजे अल्फान्सो कलकत्त्यालासुद्धा निघालेला नाही. तो या क्षणी जोरहाटच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅग मांडीवर घेऊन धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसला असेल, आणि तिथून अडीच हजार किलोमीटरवर विनी घड्याळाकडे बघत असेल, आणि या दोघांच्या मध्ये सगळं खरं माहीत असलेला माणूस एकच, तो स्वतः.

खिडकीबाहेर एक विमान इंजिन तापवत होतं. तावदानं थरथरत होती, शाईच्या दौतीत बारीक वर्तुळं उठत होती. रॉकेलसारखा वास नेहमीचाच. या धावपट्टीच्या उत्तर टोकाशी त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं. ते मरोळ गावातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच पिकवून खाणारे. लढाईच्या वर्षांत सरकारनं जमीन घेतली तेव्हा ॲम्ब्रोज विशीत होता आणि त्याला ते वाईट वाटलं नव्हतं. बाप अंतर विड्यांत मोजायचा. पार्ला दोन विड्या, बांद्रा पाच. वाटेत कुणी भेटलं तर विडी विझायची, आणि बांद्रा लांब जायचं. त्यात बापाला काही चूक वाटत नसे. ॲम्ब्रोजला त्याची लाज वाटायची. नोकरी लागल्यावर तो पहिल्यांदा शिकला ते हे की अंतर बदलत नाही. विनी सातआठ वर्षांची असताना रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर तो शाळेचा नकाशा जमिनीवर पसरायचा आणि तिचं बोट दिल्लीवर ठेवायचा. "विमान सुटलं. घड्याळ बघ. आता कुठं आलं?" ती बोट हळूहळू खाली सरकवायची, ओठ दुमडून, अगदी मिनिटांच्या हिशेबानं. ज्युलिया आतून ओरडायची, जेवायला उठा. विनी म्हणायची, "थांब गं, अजून उतरायचंय." तिला तो खेळ कधी कंटाळवाणा झाला नाही. मोठी झाली, नर्स झाली, लग्न झालं, तरी कोण कुठं निघालं की ती घड्याळ काढायची.

बाराच्या सुमारास तो तारघरात जाऊन आला. 'थांबू नका, अल्फान्सो आज येत नाही, ऑपरेशन करा.' तारबाबूनं शब्द मोजले आणि म्हणाला, जामनगरची लाइन पण त्याच बाजूनं जाते, वळवून पाठवतो, तीन तास धरा, चार धरा. परत येताना उन्हात डांबरी रस्त्यावर त्याची सावली पायाखाली गोळा झालेली होती आणि तो जवळजवळ धावत होता, पण कुठं पोहोचायचं होतं? ऑफिसात येऊन तो टेलिप्रिंटरसमोर उभा राहिला. जामनगरच्या विमानतळावर कंपनीचा एक माणूस होता. तिथं असंच यंत्र होतं, वेगळ्या लाइनवरचं. इथं चार ओळी बडवल्या की तिथं कागदावर उमटणार. हे त्याला अकरा वाजताच सुचलं होतं. सुचलं होतं आणि त्यानं ते बाजूला ठेवलं होतं, कारण खाजगी निरोप यंत्रावरून पाठवायचा नाही असा नियम होता, साहेबाची सही लागे, आणि साहेब आज गावात नव्हते. एकोणीस वर्षांत त्यानं तो नियम मोडला नव्हता. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या जयवंतनं मद्रासहून क्रिकेटचा स्कोअर मागवला, तेव्हा ॲम्ब्रोजनंच ते साहेबांना सांगितलं होतं. जयवंतला मेमो मिळाला. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं.

जयवंत आता त्याच्याकडे बघत होता. सुलक्षणानं त्याला सांगितलं असावं.

"काय उभा राहिलायस? टाक ना निरोप."

"साहेब नाहीत."

"अरे तुझी पोरगी आहे ना ती?" जयवंत खुर्ची ढकलून उठला. "सरक. मी टाकतो. कुणी विचारलं तर माझं नाव सांग, मला सवय आहे मेमोची. बोल, काय लिहू?"

ॲम्ब्रोज बोलत गेला, जयवंतची बोटं बडवत गेली. बारा चाळीस. पलीकडून पोच आली नाही. पाच मिनिटांनी पुन्हा टाकला, पुन्हा नाही. "जेवायला गेला असेल," जयवंत म्हणाला. "विमान नसलं की ते लोक घरी जातात. येईल तीनला." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "चहा मागवू?" ॲम्ब्रोजनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चहा आला, त्यावर साय धरली, साय सुरकुतली.

एक वाजून गेल्यावर खोलीतली सगळी माणसं घड्याळाकडे पाठ करून बसल्यासारखी वागू लागली. ॲम्ब्रोजसमोर पुढच्या महिन्याचा तक्ता होता. त्यानं पेन्सिल हातात घेतली आणि त्याला दिसलं की आपण नकाशाकडे बघतोय. अकराला सुटलेलं विमान. एकाला पाटणा. त्याला ते थांबवायचं होतं, पण ते थांबेना; एकोणीस वर्षांची सवय, डोकं आपसूक चालत होतं. जे विमान धुक्यात उभंसुद्धा नव्हतं ते त्याच्या डोक्यात पेन्सिलीच्या रेघेवरून सरळ पश्चिमेला येत होतं, वारा नाही, ढग नाही, खिडकीशी अल्फान्सो. एक पन्नासला अलाहाबादला खेटून. तिथं आता गंगा दिसत असेल. आणि मग त्याच्या मनात आलं की विनीसुद्धा हेच करत असणार. या विचारासरशी त्याच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली आणि गडगडत कडेपर्यंत गेली. तो उठून मोरीत गेला, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. आरशात त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, भांग सरळ, कॉलर स्वच्छ. नोकरीच्या पहिल्या वर्षी येणाऱ्या विमानांची वेळ फळ्यावर खडूनं लिहायचं काम त्याच्याकडे होतं. एका संध्याकाळी त्यानं लिहिलं, सहा पाच. ते विमान आलं नाही. सहा वाजले, सात वाजले, लोक फळ्यासमोर उभे, आणि साहेब म्हणाले, हुकूम येईस्तोवर पुसायचं नाही. दोन दिवस ते सहा पाच तसंच फळ्यावर होतं, त्याच्या वळणदार अक्षरात. एक म्हातारी पारशीण पुन्हा पुन्हा त्याला विचारत होती, "अहो, इथं लिहिलंय ना?" तेव्हा त्याला तिचा राग आला होता. लिहिलंय म्हणजे येईलच असं कुणी सांगितलं? मोरीतला नळ बंद करताना त्याला तिचे निळसर हात आठवले, फळ्याच्या चौकटीला धरलेले.

तीन वाजून चार मिनिटांनी टेलिप्रिंटर खडखडला. जयवंत धावला. जामनगरची पोच होती. निरोप मिळाला, माणूस सायकलवर हॉस्पिटलला निघाला. "झालं!" जयवंतनं त्याचा खांदा दाबला. "झकास! आता काळजी नको रे, पोचेल तो पंधरा मिनिटांत." सुलक्षणानं बोर्डावरून वाकून छातीवर हात ठेवला. ॲम्ब्रोज हसलाही. पण हसताना त्याला वाटलं की खोलीत कुणीतरी आणखी आहे आणि ते हसत नाही. साडेतीन झाले. पावणेचार. चार. विमान आता अहमदाबाद ओलांडून खाली यायला लागलं असतं.

पाचला दहा कमी असताना लाइन लागली. सुलक्षणानं या वेळी हाक मारली नाही, जागेवरूनच त्याच्याकडे बघितलं आणि रिसीव्हर उचलण्याची खूण केली.

"ज्युलिया?"

"विनी बरी आहे," ज्युलिया म्हणाली. तिचा आवाज आता अगदी जवळून येत होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. "शुद्धीवर नाय अजून. पण ती बरी आहे. बाळ गेलं. मुलगा होता. त्यांनी काढला तेव्हाच गेलेला होता." "तो सायकलवाला आला तेव्हा तिनं लगेच सही केली रे. एक शब्द बोलली नाय. तोपर्यंत डॉक्टरीण चार वेळा सांगून गेली, मी पाया पडले. ती म्हणे, आई, आता थोडंच राहिलंय. मनगटावरचं घड्याळ काढून उशीवर ठेवलेलं. कळ आली की डोळे मिटायची, आणि सोडली की मला सांगायची, आता पाटणा आलं असेल, आता अलाहाबाद. मला ती गावं कुठं ठाऊक? मी हो हो म्हणत होते." तीन मिनिटं संपायला अजून वेळ होता. शेवटी ती म्हणाली, "तू उद्या येऊ नको. अल्फान्सो येईल तिथं, त्याला एकट्याला पाठवू नको. त्याला सांग आणि घेऊन ये."

बुधवारीही जोरहाटला धुकं होतं. ॲम्ब्रोज कामावर आला, कारण घरात बसवेना. दुपारी जामनगरच्या माणसानं यंत्रावरून चौकशी केली, मुलगी कशी आहे, आणि जाता जाता लिहिलं की काल निरोप जरा आधी आला असता तर बरं झालं असतं, मी बारापर्यंत ऑफिसातच होतो. जयवंतनं ती पट्टी वाचली आणि मुठीत चुरगळली, पण ॲम्ब्रोजनं आधीच वाचली होती. अकराला सुचलं होतं. अकरा ते बारा. तो जागेवर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं पुढच्या महिन्याचा तक्ता पुरा केला. त्यात एकही चूक नव्हती.

शुक्रवारी अकराला कलकत्त्याचं विमान उतरलं. ॲम्ब्रोजनं दोघांचे जामनगरचे पास काढून ठेवले होते, एक वीसचं विमान, शेजारशेजारच्या जागा. तो स्वतः आजवर विमानात बसलेला नव्हता. कधी काम पडलं नव्हतं, आणि खरं म्हणजे कुणाला सांगितलं नसलं तरी त्याला भीती वाटायची. अल्फान्सो शिडी उतरून चालत आला. मनोरीच्या कोळीवाड्याजवळ वाढलेला, रुंद खांद्यांचा, सदा हसरा पोरगा. तीन दिवसांची दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली लागलेली. सासऱ्याला एकटा बघून तो थबकला. "पपा? काय झालं? मुलगा की मुलगी?"

ॲम्ब्रोजनं त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. आधी विनी बरी आहे हे सांगितलं, ज्युलियानं सांगितलं होतं त्याच क्रमानं. अल्फान्सो दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पण ती थांबली कशाला? तिला माहीत होतं की मी दोन दिवसांच्या आत पोचत नाही. मी गेलो तेव्हा मला तीन दिवस लागले होते, तीच तर मला सोडायला आली होती."

ॲम्ब्रोज याला तयार नव्हता. विनीला माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. तरी तिनं घड्याळ उशीवर ठेवलं, कारण पपानं सांगितलं होतं आणि पपाचा आकडा चुकत नाही. तिला वाटलं असेल, एखादं खास विमान असेल, पपानं काहीतरी केलं असेल, तो तिथंच तर कामाला आहे.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "ज्युलियानं विचारलं, मी साडेपाच तास म्हटलं. ते सरळ रेघेचं होतं. पुढं सांगणार होतो, लाइन गेली. दहा पन्नासला फोन आला. अकराला मला यंत्राचं सुचलं होतं, पण मी टाकला नाही निरोप. बारा चाळीसला टाकला. तो माणूस बाराला उठून गेला होता. म्हणजे अकरा वाजता जर..."

"वेळा सांगू नका," अल्फान्सो म्हणाला. आवाज चढवून नाही, हळूच. आजूबाजूला माणसं हार, टोपल्या, पोरं घेऊन येत-जात होती. कुणीतरी मोठ्यानं हसलं. अल्फान्सोनं कोटाची बटणं उघडली, पुन्हा लावली, पुन्हा चुकीचीच लागली. मग जामनगरची घोषणा झाली आणि दोघं उठले. ॲम्ब्रोजनं आपली पिशवी उचलली. त्यात विनीची जुनी लोकरी शाल होती आणि तिला आवडतात म्हणून शेजारणीनं करून दिलेल्या भाकऱ्या होत्या. दरवाजापाशी अल्फान्सो वळला. त्याचे डोळे लाल होते, पण त्यांत राग नव्हता. राग असता तर ॲम्ब्रोजला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"पपा, तुम्ही आज येऊ नका."

"ज्युलियानं सांगितलंय, तुला एकट्याला..."

"मी सांगेन आईंना. तुम्ही समोर आलात तर विनी तुम्हाला विचारेल. आणि तुम्ही सांगाल. सगळं सांगाल, आता मला सांगितलंत तसं. तिला ते आत्ता नको ऐकायला." त्यानं ॲम्ब्रोजच्या हातातली पिशवी घेतली. "नंतर या."

"नंतर म्हणजे केव्हा?"

अल्फान्सो विचार करत होता. खरोखरच करत होता, चांगला मुलगा होता तो. मग त्यानं मान हलवली आणि उन्हात बाहेर पडला.

ॲम्ब्रोज कठड्याशी उभा राहिला. त्याला सगळं माहीत होतं: दहा मिनिटांत दार लागेल, एक वीसला चाकं हलतील, जाऊन उतरायला दीड तास. अल्फान्सो शिडी चढला, वाकला आणि आत दिसेनासा झाला. गोल खिडक्यांच्या ओळीत एका खिडकीशी हालचाल झाली, मग नाही झाली. पंख्यांनी धूळ उडवली, तेव्हा लोकांनी रुमाल तोंडाला लावले आणि मागं सरकले. तो तेवढा सरकला नाही. तोंडात धूळ गेली, दातांखाली कचकच लागली, आणि विमान वळून धावपट्टीच्या उत्तर टोकाकडे निघालं तरी त्याला ती थुंकून टाकायचं सुचलं नाही.